खाल्लं, ओकलं, गुदमरलं

"एका वेळी एकच गं. एका वेळी एकच."

हे वाक्य मॅडमनी मला किती वेळा ऐकवलं असेल, देव जाणे. कॉम्प्युटर अडकला की मी एकदम पाच गोष्टी करायचे. माउस आपटायचा, वायर हलवायची, तीन बटणं एकत्र दाबायची आणि वर त्याला शिव्या घालायच्या. मॅडम मात्र खुर्ची थोडी मागे सरकवायच्या, दोन्ही हात मांडीवर ठेवायच्या आणि त्या अडकलेल्या स्क्रीनकडे शांतपणे बघत बसायच्या. डॉक्टर पेशंटकडे बघतो तसं, असं म्हटलं असतं, पण हल्ली डॉक्टर तरी कुठे इतका वेळ बघतात!

आमचं ऑफिस ठाण्याला, वागळे इस्टेटमध्ये. खाली पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना आणि वर आम्ही नऊ माणसं. ठाण्यापासून बदलापूरपर्यंतच्या लहान हॉस्पिटलांना आणि एक्स-रे सेंटरांना आम्ही एक सॉफ्टवेअर द्यायचो. आतल्या खोलीत एक्स-रे काढला की तो बाहेर डॉक्टरांच्या टेबलावरच्या स्क्रीनवर दिसायचा, एवढंच त्याचं काम. त्यातला चित्र उघडून दाखवायचा भाग मी लिहिलेला. आणि मी लिहिलेलं मोडून दाखवायचं हे मॅडमचं काम. आमच्या धंद्यात त्याला टेस्टिंग म्हणतात.

पन्नाशी कधीच ओलांडलेली बाई. अंगावर सुती साडी, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज. राहायला डोंबिवलीत. बाकीची टेस्टिंगवाली पोरं-पोरी कुठल्या कुठल्या कोर्सची सर्टिफिकेटं घेऊन यायची. मॅडम आल्या होत्या रंगाच्या कारखान्यातून. डोंबिवलीच्या एमआयडीसीत कापडाला लावायचा रंग बनवणारी एक कंपनी होती, तिथल्या प्रयोगशाळेत त्या अठरा वर्षं रंगाची छटा तपासायच्या. कंपनी बंद पडली. मग चाळिशीत क्लासला जाऊन, विशीतल्या मुलांच्या शेजारी बसून त्या कॉम्प्युटर शिकल्या.

"रंग बिघडला की काय करायचो माहितेय? पिंपातला माल अर्धा करायचा. हा अर्धा बिघडलाय की तो अर्धा? जो बिघडला त्याचा पुन्हा अर्धा. असं करत करत चमच्यावर यायचं. चमच्यावर आलं की चोर सापडतोच."

त्यांची एक लांबट, जाड पुठ्ठ्याची वही होती. ऑफिसात सगळी नोंद कॉम्प्युटरवर ठेवायचा नियम, पण मॅडम आधी वहीत लिहायच्या. पास, फेल असले शब्द त्यात नसायचे. त्यांचे तीनच शेरे: खाल्लं, ओकलं, गुदमरलं. सॉफ्टवेअरला भलतंसलतं काहीतरी द्यायचं आणि त्याने काय केलं ते बघायचं. मुकाट घेतलं तर खाल्लं. 'हे चालणार नाही' म्हणून परत टाकलं तर ओकलं. आणि अडकून बसलं तर गुदमरलं.

"ओकणारं चांगलं गं," त्या म्हणायच्या. "ओकणारं जगतं. गुदमरणाऱ्याची भीती."

एकदा त्यांनी पेशंटच्या वयाच्या रकान्यात चारशे टाकलं. माझ्या सॉफ्टवेअरने ते बिनतक्रार घेतलं. मॅडम सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "चारशे वर्षांचा माणूस आलाय एक्स-रे काढायला. हिच्या सॉफ्टवेअरने त्याला साधं 'आजोबा, कसे आलात' म्हणूनही विचारलं नाही." सगळे हसले. माझा स्वभाव आधी भांडायचं आणि मग ऐकायचं असा. मी तणतणले, दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर डबा उघडला, त्यात अळूवडी होती. काय करणार, बोलले.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते.

कल्याणला एक एक्स-रे सेंटर आमचं गिऱ्हाईक होतं. चार वर्षं सगळं सुरळीत, आणि एका आठवड्यात तीनदा त्यांची स्क्रीन अडकली. अडकली म्हणजे कशी? चित्र अर्ध्यावर थांबायचं, कॉम्प्युटरचा पंखा घरघरायला लागायचा आणि पुढचे सगळे पेशंट बाकांवर खोळंबायचे. तिसऱ्या वेळी हात मोडलेल्या एका बाईंना पाऊण तास तसंच बसावं लागलं. डॉक्टरांनी आमच्या साहेबांना फोनवर असं काही झाडलं की ते काचेच्या केबिनबाहेर आम्हालाही ऐकू येत होतं.

साहेब बाहेर आले आणि सरळ माझ्याकडे. "चित्र उघडायचा पार्ट तुझा ना? महिनाअखेरपर्यंत काय ते शोध. नाहीतर सॉरी, मला तुला ठेवता येणार नाही."

मी दिवा स्टेशनजवळ राहणारी. घरात वडील, आई, धाकटी बहीण. ही नोकरी मिळायच्या आधी वर्षभर मी घरी बसलेले, आणि त्या वर्षात चाळीतल्या बायका 'मग, काय करते सध्या?' असं ज्या गोड आवाजात विचारायच्या तो आवाज मी अजून विसरलेले नाही. पुन्हा तिथे जायचं नव्हतं मला. काहीही झालं तरी.

मी कल्याणला फोन लावला. सेंटरमध्ये रिसेप्शनला एक मुलगी नुकतीच लागली होती. ती म्हणाली, "मॅडम, मी सांगू का? मी नाव मराठीत टाकलं ना, की अडकतं."

"मराठीत कशाला टाकता?"

"गावावरनं म्हातारी माणसं येतात ना. त्यांना इंग्लिश वाचता येत नाही. मागे दोघांच्या फिल्म बदलल्या गेल्या. मराठीत असलं की आपापलं नाव बघून घेतात."

मी हसले. खरंच हसले. "ताई, मशीनला काय कळतंय, मराठी काय आणि इंग्लिश काय. दुसरं काहीतरी असेल." आणि फोन ठेवला. सगळ्यात मोठी चूक कुठली म्हणाल तर ती ही.

पुढचे दहा दिवस मी माझंच लिहिलेलं उलटंपालटं करत राहिले. काही सापडेना. मॅडम बाजूला बसून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "त्या मुलीने नक्की काय सांगितलं?" मी सांगितलं. त्यांनी मान वर केली. "आणि तू ते करून पाहिलंस?"

"काहीतरीच काय मॅडम."

"अगं, रोज मशीनसमोर बसते ती. आपण बसतो का?"

दुसऱ्या दिवशी त्या ऑफिसला न येता सरळ कल्याणला गेल्या. त्या मुलीच्या शेजारी स्टूल घेऊन बसल्या, पेशंट नसताना एका रिकाम्या बाटलीचा एक्स-रे काढायला लावला आणि तिला म्हणाल्या, आता नाव टाक. इंग्रजीत टाकलं, चित्र आलं. मराठीत टाकलं, स्क्रीन अडकली. ती फाईल पेनड्राइव्हवर घेऊन मॅडम दुपारी ठाण्याला हजर. वहीत शेरा होता: गुदमरलं. पुढे कंसात 'मुलीचं बरोबर.'

आणि मग त्यांनी ती फाईल अर्धी केली.

दोन दिवस मी ते बघत होते. अर्धी फाईल काढून टाकायची, उरलेली उघडायची. अजून अडकतंय? पुन्हा अर्धी. आता नाही अडकत? मग काढलेलं परत आणायचं आणि दुसरा भाग काढायचा. बाटलीचं चित्र केव्हाच गेलं होतं, रंग गेले, आकार गेला. त्या घाई करत नव्हत्या, कंटाळत नव्हत्या. मधेच डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून पाच मिनिटं बसायच्या आणि पुन्हा सुरू. शेवटी उरली ती फाईल इतकी लहान होती की त्यांनी ती हाताने वहीत लिहून काढली. नुसते आकडे, चार ओळी. चमच्यावर आणली म्हणा ना.

"बघ," त्यांनी पेन्सिलीचं टोक एका आकड्यावर ठेवलं. "हे शून्य."

ते शून्य काय होतं ते सांगते, अवघड नाही. चित्राच्या फाईलमध्ये नुसतं चित्र नसतं, तुकडे असतात. एकात आकार, एकात रंग, एकात पेशंटचं नाव. प्रत्येक तुकड्याच्या तोंडाशी त्याची लांबी लिहिलेली असते. वाचणारा ती लांबी बघतो, तितकी पावलं पुढे जातो आणि पुढचा तुकडा उचलतो. कल्याणचं मशीन जुनं, त्याला मराठी अक्षरं लिहिता येत नव्हती. ते नाव गाळून टाकायचं आणि लांबीच्या जागी शून्य लिहून मोकळं व्हायचं. मग वाचणारा वाचायचा, शून्य पावलं पुढे जा. जायचा. तिथे काय? तोच तुकडा. पुन्हा वाचायचा, शून्य पावलं पुढे जा. असा तो जन्मभर जागच्या जागी चालत राहिला असता. दमला नसता, थांबला नसता, आणि दुसऱ्या कुणाचं कामही त्याने होऊ दिलं नसतं.

"पण हा वाचणारा तू लिहिलेला नाहीस," मॅडम म्हणाल्या.

नव्हताच. फाईल वाचायचं ते काम एक लायब्ररी करते. पुस्तकांची नव्हे हो. कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं तयार काम, जे आम्ही पापडाचं पीठ बाजारातून आणावं तसं आयतं आणतो. ही लायब्ररी परदेशातली चार-पाच माणसं स्वतःचा वेळ घालून, फुकट सांभाळत होती, आणि जो तो ती वापरत होता. मी पाच वर्षं वापरली, आत एकदाही डोकावले नव्हते.

मॅडमनी स्वतःचा फोन घेतला आणि ती चार ओळींची फाईल त्यावर उघडली. फोन थिजला. माझ्या फोनवर टाकली, तोही थिजला. ऑफिसात फोटो बघायची तीन वेगवेगळी सॉफ्टवेअरं होती, त्यातली दोन अडकली. भिंतीवरच्या टीव्हीत पेनड्राइव्ह घातला, टीव्ही गप्प. आम्ही दोघी त्या काळ्या पडद्यासमोर उभ्या होतो. इतकी वर्षं, इतकी हुशार माणसं, इतक्या कंपन्या, आणि ते शून्य कुणालाच दिसलं नव्हतं. दिसलं ते कल्याणच्या एका रिसेप्शनवरच्या मुलीला आणि डोंबिवलीच्या रंग तपासणाऱ्या बाईला. मी मॅडमकडे बघत राहिले. खोटं कशाला बोलू, मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

पण ते क्षणभरच. दुसऱ्या क्षणी मला माझी नोकरी आठवली.

"म्हणजे चूक माझी नाहीच! चला, साहेबांना सांगू."

मॅडमनी वही मिटली. "नाही."

"नाही म्हणजे?"

"ही फाईल बाहेर पडली की कोणीही उठून कोणालाही पाठवेल. फोनवर, मेलवर. हॉस्पिटलमध्ये पाठवेल. आपण कल्याणचं आज दुपारी नीट करू. पण बाकीच्यांचं काय? आधी लिहिणाऱ्यांना कळवायचं, ते दुरुस्त करतील, सगळीकडे पोचेल, मग बोलायचं. तोवर तोंडातून चकार शब्द नाही."

"साहेबांना तरी सांगू."

"साहेब मनाने चांगले आहेत गं. पण त्यांच्या पोटात काही राहत नाही. तासाभरात चार ग्रुपवर टाकतील."

हे मात्र खरं होतं. मॅडमनी त्याच दिवशी परदेशातल्या त्या माणसांना पत्र लिहिलं. 'रिस्पेक्टेड सर'पासून सुरू होणारं, परीक्षेला लिहावं तसं. मी आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक ओळ घातली, शून्य दिसलं की तेवढा तुकडा परत टाकून पुढे जायचं. कल्याणचं अडकणं थांबलं. दोन दिवसांनी उत्तर आलं: तुमचं बरोबर आहे, आम्हाला धक्का बसला, कृपया कुणाला सांगू नका, दोन महिने द्या.

दोन महिने. माझ्या महिनाअखेरीला उरले होते नऊ दिवस.

मी मॅडमना काय बोलले ते लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. मी म्हणाले, "तुमचं काय जातंय? तुमचं वय झालं, आज ना उद्या घरीच बसायचं आहे. माझं आयुष्य पडलंय समोर. जगाची काळजी करायला जग आहे की."

मॅडम म्हणाल्या, "झालं बोलून? पाणी पी." आणि स्वतःची बाटली माझ्यापुढे सरकवली.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कल्याणचे डॉक्टर स्वतः ठाण्याला आले. स्क्रीन आता चालते हे त्यांना मान्य होतं. पण चूक कुणाची होती ते त्यांना लेखी हवं होतं, नाहीतर ते आमचं सॉफ्टवेअर काढून टाकणार होते. साहेबांनी मला आणि मॅडमना केबिनमध्ये बोलावलं. साहेब माझ्याकडे वळले आणि मी तोंड उघडलं. काय बोलणार होते कुणास ठाऊक. बहुधा सगळंच बोलून टाकणार होते.

मॅडम माझ्या आधी बोलल्या. "डॉक्टर, तपासणी माझ्याकडे आहे. नावाची जागा रिकामी असलेली फाईल सॉफ्टवेअर तुम्हाला देण्याआधी मी कधी घालून पाहिलीच नाही. पाहायला हवी होती. माझ्या तेव्हाच्या वहीत ती नोंद नाही."

बघा, यात एक अक्षर खोटं नव्हतं. खरोखरच त्यांनी ती आधी तपासली नव्हती. खोटं न बोलता त्यांनी सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं आणि गुपित जिथल्या तिथे ठेवलं. डॉक्टर जरा नरमले. म्हणाले, "मान्य करताय हे बरं आहे." साहेबांनाही सुटल्यासारखं वाटलं. मॅडम दर वर्षी नव्या करारावर काम करायच्या; त्या वर्षीचा करार संपत आलाच होता. साहेबांनी तो पुढे वाढवला नाही. कागदावर कारण लिहिलं, तपासणीत हलगर्जी.

मी त्या केबिनमध्ये उभी होते. मी काहीही बोलले नाही.

शेवटच्या दिवशी त्यांनी वही, डबा आणि खुर्चीवरची उशी पिशवीत भरली. मला म्हणाल्या, "ते लोक काही विचारतील तर मेल मला येईल, तू काळजी करू नकोस." आणि पांढऱ्या बुटांनी जिना उतरून गेल्या.

दोन महिने नाही, अडीच लागले. मग एक दिवस लायब्ररीची दुरुस्ती जाहीर झाली. सोबत एक लहानशी सूचना होती: अमुक एका तुकड्याची लांबी शून्य असली तर वाचणारा कायमचा अडकतो, हा दोष दुरुस्त केला आहे. खाली शोधणाऱ्याच्या जागी मॅडमचं पूर्ण नाव आणि पुढे डोंबिवली. पुढचे काही आठवडे ज्याच्या त्याच्या फोनवर नवीन अपडेट येत होतं. माझ्याही आलं. वडिलांच्याही आलं, ते म्हणाले, "हे सारखं सारखं काय असतं गं?" मी त्यांचा फोन घेतला आणि अपडेट टाकून दिलं.

ती सूचना मी साहेबांपुढे ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली. मग म्हणाले, "त्यांना परत आण. काय म्हणतील ते मान्य." मी दाराशी पोचले तेव्हा मागून म्हणाले, "मात्र दोघींना ठेवणं सध्या जमेल असं दिसत नाही. तुझं मग बघू आपण."

मी डोंबिवलीला मॅडमच्या घरी गेले. दार त्यांच्या नवऱ्याने उघडलं. हातात काठी, एक पाय ओढत चालणारे. त्याच कारखान्यात काम करायचे, तिथल्या अपघातानंतर ते कधी नोकरीवर गेले नाहीत, हे त्यांच्याच बोलण्यातून मला त्या दाराशी कळलं. सहा वर्षं एका टेबलावर जेवले त्यांच्याबरोबर, आणि हे मला माहीत नव्हतं. 'तुमचं काय जातंय' असं मी कुणाला म्हणाले होते, ते मला तिथे समजलं.

"तुम्ही ठाण्याच्या का?" ते म्हणाले. "ती सांगायची, एक मुलगी आहे, भांडखोर आहे पण काम फार नेटकं करते. ती दुकानात असेल आता."

दुकान म्हणजे स्टेशनजवळचं औषधांचं होलसेल. मॅडम मागच्या बाजूला खोक्यांमध्ये उभ्या होत्या, मुदत संपलेल्या गोळ्यांची पाकिटं वेगळी काढत होत्या. मला बघून हात पुसत बाहेर आल्या. मी सूचना छापून नेली होती. त्यांनी चष्मा लावून वाचली, स्वतःच्या नावावर नजर थांबली, आणि त्या हसल्या. अगदी थोडंसं, पण पोटातून.

"मॅडम, साहेबांनी तुम्हाला परत बोलावलंय. म्हणाल तसं."

त्यांचा चेहरा उजळला. मी पाहिलंय ते, उगीच सांगत नाही. इतकी मोठी बाई, पण शाळेत नाव पुकारल्यावर मुलगी उभी राहते तशी दिसली. मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं.

"आणि तू?"

त्या वेळी मी म्हणू शकले असते, माझं दुसरीकडे ठरलंय. म्हणू शकले असते, माझं पक्कं आहे, तुम्ही या. जिभेच्या टोकावर होतं. मी खाली बघितलं आणि गप्प राहिले. केबिनमध्ये राहिले होते तशीच.

मॅडमनी कागद घडी करून माझ्या हातात दिला. "साहेबांना सांग, मॅडमना इथे बरं वाटतंय. घराजवळ आहे, यांच्याकडेही बघता येतं." मग माझ्या दंडावर हात ठेवला. "जा, उशीर होईल तुला."

त्या आत गेल्या. पाकिटं पुन्हा हातात घेतली, एकेक उजेडात धरून तारीख बघायला लागल्या. मी रस्त्यावर आले, रिक्षाच्या रांगेत उभी राहिले. मला रडू यायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.